एनोराचा वर केलेला हात

मदाम ल गॉफ यांनी तव्यावरचं गॅलेट, म्हणजे तिकडचं धिरडं, उलथलं, त्यात सॉसेज गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात दिलं आणि स्टॉलसमोरून निघालेल्या टेरिनचा दंड धरला.

"आज पास-बिस काही नको हं, पोरी. पास द्यायला आमच्या घरच्या मुली आहेत की! तुला एवढ्या लांबून आणलंय ते बास्केट करायला."

"हो, मदाम," टेरिन म्हणाली.

दुसरं म्हणणार तरी काय? मदाम गावच्या बास्केटबॉल क्लबच्या अध्यक्ष. मुलींच्या जर्सी त्याच धुऊन आणायच्या, सामन्याच्या दिवशी तवाही त्याच सांभाळायच्या. त्यांच्याशी वाद घालायची प्लुवेनेकमध्ये कुणाची छाती नव्हती. नाताळच्या सुट्टीत क्लबला बाहेरची खेळाडू बदलता येते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि आजचा सामना सुट्टीआधीचा शेवटचा. कालच पोस्टातल्या बाईने पाकिटावर शिक्का मारता मारता विचारलं होतं, "मग, नाताळनंतर आहेस ना तू?"

आता यात त्या पोरीचं काय चुकलं, सांगा. अमेरिकेत, अर्कान्सामधल्या कॉलेजात तिला चार वर्षं एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. जिच्यासमोर कुणी नाही अशी मैत्रीण दिसली की चेंडू तिचा. ती मोकळी असताना स्वतः शॉट मारला, तर तो आत गेला तरी कोच डॉटी शिक्षा म्हणून स्टँडच्या पायऱ्या पळायला लावायच्या. त्या पासांवरच टेरिनचं नाव झालं. पेपरात 'निःस्वार्थी खेळाडू' म्हणून फोटो छापून आला, तो आईने फ्रिजवर लावला. मग अमेरिकेतल्या एका व्यावसायिक संघाने शिबिराला बोलावलं आणि पंधरवड्यात घरी पाठवलं. त्यानंतर आलेलं एकमेव बोलावणं फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या या गावाचं. इथूनही नारळ मिळाला, तर खेळणं संपलं. पुढे मामाचं टायरचं दुकान होतंच.

आणि इथे तिने पास दिला की स्टँडमध्ये लोक उसासे टाकायचे. ज्या गोष्टीसाठी तिकडे पाठ थोपटली, तीच इकडे खोड ठरली होती. तिचं डोकं पार चक्रावून गेलं होतं.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर कोच गिल्डास भेटला. तो एरवी गावातल्या शाळेत पी.टी. शिकवायचा.

"मागच्या शनिवारी शेवटचा चेंडू तू एनोराला का दिलास?"

"ती मोकळी होती."

"एनोरा कायमच मोकळी असते, बाई! ती शॉट मारत नाही, म्हणून तिला कुणी अडवतच नाही."

एनोरा म्हणजे बेकरीवाल्याची मुलगी. संघात सगळ्यात उंच आणि स्वभावाने सगळ्यात गरीब. टेरिनने मान डोलावली, पण तिला ते पटलं की नाही, हे तिचं तिलाच कळलं नाही.

सामना अखेरपर्यंत अटीतटीचा झाला. शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा प्लुवेनेक एका गुणाने मागे होतं आणि चेंडू टेरिनच्या हातात. समोरच्या दोघी तिच्या अंगावर धावून आल्या. बास्केटखाली एनोरा एकटी उभी होती, हात सरळ वर करून. टेरिनची मनगटं सवयीने तिकडे वळलीसुद्धा. मग ती थांबली, तिने उडी मारली आणि चेंडू त्या दोघींच्या डोक्यावरून सोडला.

आत गेला. हॉलमध्ये असा काही गोंधळ उठला की बोलायची सोय नाही. मदाम हातात उलथणं घेऊन थेट मैदानात आल्या आणि टेरिनच्या दोन्ही गालांचे मुके घेत ओरडल्या, "कुठे जायचं नाही आता! नाताळनंतरही इथेच!"

टेरिनला रडूच फुटलं. जिंकल्याचं होतं, राहायला मिळाल्याचं होतं, आणि आणखी कशाचं तरी होतं. गर्दीत तिने एनोराला शोधलं. ती कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. टेरिन तिच्या शेजारी टेकली.

"माफ कर. तू मोकळी होतीस. मी पाहिलं होतं तुला."

एनोराने डोळे मोठे केले आणि तिला मिठीच मारली.

"वेडी का काय तू? मी मनातल्या मनात मेरीमातेला विनवत होते, इकडे नको, बाई, इकडे नको!"

"मग हात कशाला वर केला होतास?"

"अगं, मोकळं असलं की करायचाच असतो ना! नाहीतर गिल्डास ओरडतो."

टेरिनला हसू आलं. दोघी बराच वेळ खिदळत राहिल्या. मग एनोराने मोजा काढता काढता सहज विचारलं, "कॉलेजात शेवटचा पास तू नेहमी दुसरीलाच द्यायचीस म्हणे. त्या पोरींना हवा असायचा का गं तो?"

"म्हणजे काय? हवाच..." टेरिन म्हणू लागली.

तिने आठवून पाहिलं. ते वर केलेले हात एकूण एक आठवले. चेहरा मात्र एकीचाही आठवेना.