नानकटाईचा मसाला

“मूठ म्हणजे किती ग्रॅम, काकी?” असं विचारून मनालीने माझा हात धरला आणि दालचिनीसकट वजनकाट्यावर टेकवला. माझा हात! जशी काय बाजारात मांडलेली काकडी.

“मूठ म्हणजे मूठ,” मी म्हटलं. “माजी. तुमची नाय.”

“हो, पण तुम्ही नसाल तेव्हा काय करायचं?”

बघा. नवरात्रातले घट उठून चार दिवस झाले नव्हते, तर बाई मला उठवायला निघाल्या होत्या. मी काट्यावरून हात काढला आणि दालचिनी परत ताटात टाकली.

मनाली ही आमच्या राकेशची बायको. राकेश म्हणजे बाबाजीशेठांचा मुलगा, आणि बाबाजीशेठ म्हणजे मिरजोळ्याच्या बेकरीचे मालक. गेल्या शिमग्यात शेठ वारले आणि ही दोघं मुंबईचं बिऱ्हाड गुंडाळून इथे आली. त्या बेकरीत मी चोवीस वर्षं काढली. नवरा मुंबईला नोकरीला गेला तो तिकडेच रमला. त्याच्या नावाने रडत बसण्यापेक्षा भट्टीसमोर घाम गाळलेला बरा, म्हणून मी लागले. माझा स्वभाव वाईट आहे. हे मीच सांगते, म्हणजे तुम्हाला दुसऱ्याला विचारायला जायला नको.

दिवाळीच्या आधी आमच्याकडे डबे येतात. आसपासच्या गावांतल्या बायका घरचं तूप, मैदा, रवा, पिठीसाखर डब्यात भरून आणतात, वर नावाची चिठ्ठी लावतात. आम्ही मळायचं, वळायचं, भाजायचं आणि ज्याची नानकटाई त्याच्या डब्यात भरून द्यायची. तूप कोणाचं आणि मैदा कोणाचा, यात कधी गफलत झाली नाही. पहिल्याच वर्षी मी शेठांना न विचारता पिठात माझा मसाला घातला होता. दालचिनी, जायफळ, जायपत्री, वेलची, लवंग, सुंठ. शेठांनी एक नानकटाई तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाले, “दमयंते, ह्या पुढं डब्याला चमचा-चमचा घाल गो.” तेव्हापासून घालत होते.

आता माझी मनगटं गेली आहेत. भट्टीत सारायचे भरलेले पत्रे उचलता येत नाहीत, मळायला बसले तर रात्री हात ठणकतात. भट्टीवरचा बाबू माझ्या वाटणीचे पत्रे न बोलता उचलायचा, पण ते मनालीच्या नजरेतून सुटलं नव्हतं. मला तिथे ठेवायला एकच कारण उरलं होतं, ते म्हणजे हा मसाला. तो कागदावर उतरला की दमयंतीची गरज संपली. हे तिला कळत होतं आणि मलाही कळत होतं. उगाच दोघींनी एकमेकींना खुळ्यात काढायचं कारण नव्हतं.

“मुंबईला आता दिवाळीपासून नाताळपर्यंत केकमध्ये असला गरम मसाला घालायची टूम आहे,” ती म्हणाली. “पाकिटं करायची. वर लिहायचं, कोकणचा घरगुती मसाला, केक-बिस्किटांसाठी. आधी ह्या डब्यांतच घालून बघू, लोकांना चव ओळखीची आहेच. तुमचाच फायदा आहे, काकी. तुमचं नाव होईल.”

“पाकिटावर माजं नाव घालताव?”

ती हसली. “नाव म्हणजे तसं नाही हो.”

आमच्याकडच्या बायका कृती सांगतात, पण एक जिन्नस गिळतात. माझी सख्खी मामी मरेपर्यंत तिच्या मसाल्यातलं दगडफूल कोणाला बोलली नाही. मीही सुंठ गिळणार होते. ओठावर आलं होतं की पाच जिनसा, संपलं. पण मग ती पाकिटं फिकी निघणार आणि खाणारा म्हणणार, हा का तो मिरजोळ्याचा मसाला? म्हणून सगळं सांगितलं. माझ्या मुठी मोजू दिल्या. दालचिनी भट्टी निवल्यावर तिच्या उबेला ठेवायची, आचेवर नाही. वेलची चमचाभर साखर घालून कुटायची, म्हणजे साल राहत नाही. सुंठीचे धागे पातळ फडक्यातून गाळायचे. जायफळ शेवटी किसायचं, त्याला तेल सुटतं. राकेश बाजूला उभा राहून लिहून घेत होता. लहानपणी माझ्या कडेवर बसून ओल्या नानकटाया पळवायचा तो हा राकेश! वर मान करून बघायची त्याला लाज वाटत होती, की घाईत होता, देव जाणे.

“आणि एक,” मी म्हटलं. “हातानं कुटा, नायतर मिक्सरला लावा. कांडपाला देऊ नका. तिथं मिरच्या कांडतात.”

“पाच किलो कोण हाताने कुटणार?” मनाली म्हणाली. “मशीन साफ करतात ते.”

“मशीन काय धुतात? कोरडा कपडा मारतात. वहिनी, ऐका माजं.”

“बघू आम्ही.”

बघू आम्ही म्हणजे काय, ते मला चोवीस वर्षांत कळायला लागलं आहे. पण मी दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायला मी कोणाची सासू नाही.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी बेचाळीस डबे ओळीने लागले होते. भाताची कापणी आटपून बायका आल्या होत्या, दारात बसल्या होत्या. ऑक्टोबरचं ऊन सकाळी आठालाच चटके देत होतं, त्यात भट्टी पेटलेली. गंगुबाईचा डबाही होता. ही माझ्याच वाडीतली, सत्तरीची. एका गाईच्या दुधावर दोन महिने लोणी साठवून तिने तूप कढवलं होतं, कारण मुंबईची नातवंडं तीन वर्षांनी येणार होती. डबा देताना दहादा बजावलं तिने, “माजं तूप माज्याच पिठात हां, दमयंती.” मी म्हटलं, “गो बाय, मी का आज आलंय इथं?”

मनालीने पाच किलोचा मसाला मांडला. स्टीलच्या डब्यात, वर झाकण. मी झाकण उघडलं. वास चांगला आला, खोटं कशाला सांगू. दालचिनी पुढे, जायफळ मागे. माझाच मसाला. रंग जरा तांबूस वाटला. चिमूटभर जिभेवर ठेवली. आधी गोड लागलं, मग लवंग, मग सुंठ, आणि सगळं उतरल्यावर घशात मागून एक कोरडी, तिखट नखी रुतली. ती सुंठीची नव्हती. सुंठ छातीत उतरते. मिरची घशात बसते आणि बसूनच राहते.

“कांडपाला दिलंत,” मी म्हटलं.

“बरं मग?”

“आधी कोणाचं कांडलं होतं?”

“मी काय त्याला विचारायला गेले?”

“मिरची आल्येय यात.”

मनालीने चमच्याचं टोक चाटलं. “सुंठ आहे ती, काकी. गरम मसाला म्हटल्यावर गरम लागायलाच हवं. लोकांना हेच तर हवंय.”

“राकेश, तू चाख.”

राकेशने चाखलं. डोळे मिचकावले, ठसका दाबला, बायकोकडे बघितलं. मग म्हणाला, “ठीक आहे की.”

मेल्या! तुझ्या बापाने कधी सडका मैदा दारात घेतला नाही, आणि तू ठसका गिळून ठीक म्हणतोस! हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, “लोकांचं तूप हाय ते. घरचं. उद्या पोरांच्या तोंडात आग पडली तर बायका ह्या दारात येतील, आणि तुमच्या नाय, माज्या अंगावर येतील.”

“तुम्हाला ना, तुमच्याशिवाय काही झालेलं बघवतच नाही,” मनाली म्हणाली. बायकांच्या समोर म्हणाली. “पंधरा दिवस बघत्येय मी. हा काटा नको, ते मशीन नको. जळता नुसत्या. बाबू, चमचा घे आणि घाल डब्यात.”

बाबूने माझ्याकडे बघितलं. बिचाऱ्याला घरी चार तोंडं. त्याने चमचा उचलला आणि पहिल्या डब्याचं झाकण उघडलं.

पहिला डबा गंगुबाईचा होता असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण तो कोणाचा होता ते मी बघितलंच नाही. मी मसाल्याचा डबा उचलला. मनगटात कळ आली. दोन पावलं भट्टीकडे गेले आणि सगळा मसाला आत ओतला.

भस्सकन जाळ झाला. क्षणभर असा वास सुटला, की चोवीस वर्षांच्या दिवाळ्या एकदम भाजल्या. मग मिरचीचा धूर आला. बाबू खोकत मागे सरला, राकेशच्या डोळ्यांतून पाणी, मनाली पदराने नाक दाबून बाहेर पळाली. बायका डबे कवटाळून अंगणात धावल्या. मी सगळ्यांत शेवटी बाहेर आले, खोकून खोकून बरगड्या दुखत होत्या, पण तोंडाने बोलायचं सोडलं नाही. “आता सांगा! आता सांगा सुंठ हाय म्हणून!”

मला वाटलं होतं, आता तरी गप्प बसतील. बेचाळीस घरांतल्या बायकांच्या नाकात पुरावा गेला होता. पण चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या खोट्या नाहीत. मनाली डोळे पुसत ओरडली, “हिने मिरची टाकली भट्टीत! बघितलंत ना सगळ्यांनी? मुद्दाम टाकली!”

आणि बायकांनी बघितलं होतंच. मला डबा उचलताना बघितलं, ओतताना बघितलं, नंतर ठसका लागला. त्यांनी आणखी काय समजायचं? कोणी म्हणालं, “काय गो ही, सणासुदीचं!” गंगुबाई तर माझ्याकडे बघून डबा आणखी घट्ट धरून उभी राहिली, जसं काय मी तिचं तूप पळवणार होते.

राकेश माझ्यापाशी आला. आयुष्यभर मला “काकी, तू” म्हणणारा पोरगा. “उद्यापासून येऊ नका तुम्ही,” म्हणाला.

“उद्याचं कशाला, आत्ताच जात्येय,” मी म्हटलं, आणि एप्रन त्याच्या हातात दिलं.

आता खरं सांगते. लोकांच्या तुपासाठी केलं, हे खरंच आहे. पण उचललेला डबा ओतताना मनात तूप नव्हतं. मनालीचं तोंड होतं. ती म्हणाली ना, जळता नुसत्या, तर हो, जळत होते. तिचं चुकलं याचा मला आनंद झाला होता. मिरची निघाली नसती, तर मी आणखी काहीतरी खोट काढली असती, एवढी मी मला ओळखते. नुसता गंगुबाईचा पुळका म्हणून केलं असतं तर हळू बोलले असते, बायकांना बाजूला घेऊन चाखवलं असतं. तसं केलं असतं तर आज नोकरीही असती. करायला गेले एक आणि झालं एक.

दिवाळीत मी दार अर्धं लोटून ठेवलं. वाडीत बोभाटा झाला होता, दमयंतीने भट्टीत मिरची जाळली. फराळाचं ताट फक्त शेजारून आलं, तेही पोराच्या हातून. मी कोणाला समजवायला गेले नाही. पण मनात एक गोष्ट घट्ट धरून होते. मसाला सगळा जळला, दुसरा करायला वेळ नव्हता, म्हणजे बेचाळीस घरांत ह्या वर्षी फिकी नानकटाई गेली असणार. पहिला घास घेतला की कळेल. राकेशला, मनालीला, सगळ्यांना कळेल. कोणीतरी म्हणेलच, ह्या वर्षी काहीतरी कमी आहे गो, दमयंती नव्हती ना.

भाऊबीजेच्या दुपारी गंगुबाई आली. रागावलेली होती, पण म्हातारी माणसं सणात राग घरात ठेवत नाहीत. तिने ताटली पुढे केली. लाडू, शंकरपाळे, कडेला चार नानकटाया.

“खा,” ती म्हणाली. “झालं ते झालं.”

मी शंकरपाळा घेतला. धीर धरवेना. विचारलं, “नानकटाई कशी झाली?”

गंगुबाईचं तोंड फुललं. “गो, काय सांगू! ह्या वर्षीसारखी कधीच झाली नाय. पोरांनी दोन दिवसांत डबा संपवलान, मी ह्या चार लपवून ठेवल्या. त्यो औषधासारखा वास नव्हता ना, म्हणून. दरवर्षी मुंबईला पाठवायची, तर सून फोनवर हां हां म्हणायची आणि तिकडं कोणाला तरी देऊन टाकायची. ह्या वर्षी पोरं सांगतात, आजी, तुझ्या तुपाचा वास येतो हिला.” मग माझं तोंड बघून जरा थांबली. “सगळ्याच म्हणतात हो. हलकी झाली म्हणून.”

चोवीस वर्षं. कोणी बोललं नाही. शेठांना आवडला होता, म्हणून सगळ्यांनी खाल्ला, आणि मी समजत राहिले की त्याच्यासाठीच डबे येतात. तुझं तूप वाचवलं मी, असं तिला ओरडून सांगायचं होतं. त्याऐवजी ताटली जवळ ओढली.

मी एक नानकटाई उचलली. वर नुसती बारीक भेग, कडेला किंचित तांबूस. बाबूने बरोबर आचेला काढली होती. तोंडात टाकली, तर दात लागायच्या आधी विरघळली. साखर, भाजलेला रवा आणि त्या एका गाईचं तूप. आणखी काही नाही. काही लागतही नव्हतं.

“कशी हाय?” गंगुबाईने विचारलं.

“चांगली झाल्येय,” मी म्हटलं. खोटं बोलायला मला जमलं असतं, पण चव खोटी सांगायची सवय नाही. “बस. चहा टाकते.”

चुलीपाशी पाठ करून उभी राहिले. पाणी उकळेपर्यंत मी आणखी एक खाल्ली.