फोटोतलं पुस्तक

स्पृहानं बटण दाबलं आणि दिवाणखान्यातला वीतभर फोटो फळ्यावर भिंतीएवढा झाला. खुर्चीत बसलेल्या नलूआजींनी पदर सारखा केला. लग्नानंतर स्टुडिओत काढलेला फोटो. त्या बसलेल्या, मांडीवर पुस्तक उभं धरलेलं. शेजारी शशिकांतराव उभे. नात सहावीला इतिहास शिकवायची आणि आज तिनं इतिहास म्हणून आजीलाच वर्गात आणलं होतं. फणसवाडीतून निघताना आजींनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि "तुला नाही हो कुणी बोलावलं," हे सुनेला ऐकवायलाही त्या विसरल्या नव्हत्या.

आधी दिसतं ते सांगायचं, वाटतं ते नंतर, असा स्पृहाचा नियम होता. मुलांनी पाठीमागच्या पडद्यावरची रंगवलेली बाग ओळखली. आजोबांचे बूट भाड्याचे असतील, फार मोठे दिसतात, असंही कुणी म्हणालं.

"बूट त्यांचेच होते," आजी म्हणाल्या. "पाय बारीक होते."

वर्ग हसला. मग अनिशनं सांगितलं की आजी शिकलेल्या असणार, हातात पुस्तक आहे.

आजींची मान ताठ झाली. स्थळ आणणाऱ्यानं सातवी पास सांगितलं, तेव्हापासून त्या सातवी पास होत्या. त्याच जोरावर दोन सुनांना धाकात ठेवलं होतं. शाळा पहिलीतच सुटली, हे जाणणारं माहेरचं कुणी आता उरलं नव्हतं.

"पण टीचर, पुस्तक उलटंय," ऋग्वेदा नावाची मुलगी उठून फळ्यापाशी गेली. तिनं बोट टेकवलं. "अक्षरांची रेघ खाली आलीये."

स्पृहानं फळ्याकडे पाहिलं, मग आजीकडे. पूर्वी पुस्तक नुसतं शोभेला देत, फोटोवाल्यानं घाईत दिलं असेल, असं ती भराभर बोलून गेली.

"त्या मेल्या फोटोवाल्याला कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याआड सगळं उलटंच दिसायचं," आजी म्हणाल्या. पदराचं टोक मात्र त्यांच्या मुठीत चुरगळलं होतं.

ऋग्वेदा अजून तिथंच उभी होती. "आजोबा कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेत. पुस्तकाकडे बघतायत. आणि हसू दाबतायत."

आजींनी चष्मा वर सरकवला.

शशिकांतराव जन्मभर सकाळचा पेपर मोठ्यानं वाचत आले. अग्रलेखापासून सोन्याच्या भावापर्यंत, अगदी जाहिरातीसुद्धा. मनात वाचलं तर डोक्यात शिरत नाही, म्हणायचे. आणि आजी पोळ्या लाटता लाटता त्यांना टोमणे मारायच्या, ऑफिसातल्या फायलीही अशाच वाचता का म्हणून. ते नुसते हसायचे, आणि पुढची बातमी वाचायचे.

स्पृहा फोटो बंद करायला पुढे झाली.

"राहू दे गं," आजी म्हणाल्या. त्या उठून फळ्याजवळ गेल्या, त्या हसू दाबलेल्या तोंडासमोर थोडा वेळ थांबल्या. मग ऋग्वेदाकडे वळल्या.

"काय नाव आहे गं त्या पुस्तकाचं? वाच बघू."

ऋग्वेदानं मान वाकडी केली. ओठ हलायला लागले.

"तसं नाही," आजी म्हणाल्या. "मोठ्यानं वाच. मनात वाचलेलं माझ्या डोक्यात शिरत नाही."