कडू संत्र्यांच्या दोन बादल्या

मर्व्ह क्लाइनिगचं रक्त दर महिन्याला मीच काढते. आमच्या नदीकाठच्या गावात दवाखाना एक आणि नर्स एक, ती मीच. तिचं तोंड फटकळ आहे असं सगळे म्हणतात. म्हणू देत.

मार्चमध्ये शहरात त्याला दुसऱ्याचं यकृत बसवलं. शरीराने ते झिडकारू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ कॅप्सूल. ती कमी पडली तर यकृत जातं, रक्तात जास्त साठली तर किडन्या जातात. म्हणून सकाळची कॅप्सूल घेण्याआधी रक्त काढायचं आणि शहरात पाठवायचं. किडन्या थकल्या की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन जूनपर्यंत आमच्या मापात नव्वद होतं. ऑगस्टमध्ये एकशे तीस झालं, सप्टेंबरात एकशे अडुसष्ट. डोस दोनदा कमी केला, तरी औषध रक्तात दुपटीने.

"असंच चाललं तर वर्षभरात डायलिसिस," शहरातल्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "तो काहीतरी लपवतोय."

मी त्याला फैलावर घेतलं.

"पाठदुखीच्या गोळ्या खातोस ना चोरून?"

"नाही गं बाई."

"ग्रेपफ्रूट? त्याने हे औषध रक्तात साठतं, सांगितलंय ना?"

"पंधराच्या पंधरा झाडं उपटली, सिस्टर. तूच उभी होतीस ना बघायला!"

"मग कॅप्सूल दोनदा घेत असशील. वय झालं."

"व्हर्ना मोजून देते. तिला विचार, हिंमत असेल तर."

हिंमत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता त्या नवरा-बायकोच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. गोळ्यांची डबी तपासली, बरोबर निघाली. कपाटं उघडली. व्हर्ना ओठ आवळून बघत होती.

"गादीखाली पण बघ," ती म्हणाली.

मर्व्ह टोस्ट खात बसला होता. त्यावर मार्मालेडचा बोटभर थर. तो संपला, तसा दुसरा घेतला.

"रोज एवढं खातो?"

"ऑपरेशननंतर तोंडाला चवच नव्हती त्याच्या," व्हर्ना म्हणाली. "हे एवढंच आवडीने खातो. आठवड्याला एक बाटली. तीस केल्या होत्या."

मी बाटली फिरवली. फळ कुणाच्या झाडाचं ते चिठ्ठीवर लिहायची आमच्याकडे रीत आहे. व्हर्नाच्या गोल अक्षरांत लिहिलं होतं: कडू संत्री. ग्लेनिसचं झाड. जुलै.

ग्लेनिस म्हणजे मी.

आजारी माणसाच्या घरी आमच्यात रिकाम्या हाताने कुणी जात नाही. जुलैत दोन बादल्या त्यांच्या पायरीवर मीच ठेवून आले होते. कडू संत्रंही त्या औषधाशी ग्रेपफ्रूटसारखंच वागतं. हे मला ठाऊक होतं हो! परीक्षेत लिहिलं होतं. माझ्या अंगणातल्या झाडाशी मात्र त्याचा संबंध कधी लावला नाही. ग्रेपफ्रूटबद्दल दर महिन्याला विचारत राहिले आणि कागदावर बरोबरची खूण करत राहिले.

"हे खाणं आजपासून बंद," मी म्हणाले आणि कारण सांगितलं.

व्हर्नाने माझ्या हातातली बाटली काढून घेतली. "म्हणजे मीच त्याला रोज..."

"तू नाही. मी."

मर्व्हने टोस्ट ताटलीत ठेवला. "भांडू नका दोघी. पण चव काय होती!"

बावीस बाटल्या उरल्या होत्या. व्हर्नाने त्या मागच्या अंगणात रिकाम्या केल्या. मी मदतीला गेले, तर म्हणाली, "तू राहू दे."

तीन आठवड्यांत औषध जागेवर आलं. क्रिएटिनिन उतरलं आणि एकशे पस्तीसवर थांबलं. डायलिसिस टळलं, पण जेवढं गेलं ते गेलं, उरलंय ते जपा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. दुखणं ग्लेनिसने बरोबर पकडलं म्हणून गावात माझं कौतुक झालं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मर्व्ह अजून दर महिन्याला येतो आणि बाही वर करतो.

"मागच्या वेळचं किती आलं, सिस्टर?"

"एकशे पस्तीस."

"होतं तेवढंच की! मग तोंड का पाडतेस?"

मी सुई टोचते. कागदावर वरच्या बाजूला, जूनसमोर, नव्वद लिहिलेलं आहे. तेही माझ्याच हाताने.