पेणच्या धक्क्यावरच्या खुंट्याचा सूड

मी एक जुना दगडी खुंटा आहे, मित्रांनो, आणि माझ्या मनात राग आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे दगडाने असं बोलावं का, असं नंतर कोणी म्हणायला नको.

पेणच्या कडेला, भोगावती नदीच्या काठावर एके काळी धक्का होता. भरतीच्या पाण्याबरोबर मालाच्या होड्या, म्हणजे मचवे, आत यायचे आणि मला बांधले जायचे. एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं. वर दिसायचो कमरेएवढा, पण खाली तेवढाच गाडलेला, त्यामुळे हलायचं नाव नाही. भाताने भरलेला मचवा ओहोटीत ओढ घ्यायला लागला की दोर करकरायचा, मी मात्र जागचा हलत नसे. मचवा हाकणारा दिनानाथ तांडेल घरी निघताना माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायचा, "तू हायस म्हणून मला झोप लागते रं!" एवढं कौतुक पुढे माझं कोणी केलं नाही.

मग रस्ते झाले, ट्रक आले, खाडीत गाळ साचला आणि मचवे यायचे बंद झाले. धक्क्यावर माती पडली, मातीवर खडी, खडीवर डांबर. दर वेळी रस्ता वर आला आणि मी खाली गेलो. शेवटी माझं टाळकं तेवढं बाहेर उरलं.

तेव्हापासून मी सूड घ्यायला लागलो. दगड काय करणार, असं वाटत असेल तर अनवाणी येऊन बघा. घाईने जाणाऱ्याला मी ठेच द्यायचो, आणि ती मनासारखी बसली की माझा दिवस चांगला जायचा. मासे विकणाऱ्या सरूचा नवरा पडला. शेजारच्या नूतनची सासू पडली. मला कोणाची दया आली नाही. ज्या गावाने मला गाडलं, त्या गावाने निदान अंगठा चोळता चोळता खाली तरी बघावं! पण लोक शिव्या घालायचे आणि पुढे जायचे.

खरा वैरी मात्र नंतर भेटला. त्याचं नाव निमिष. रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करणारा, हुशार, गोड बोलणारा, उंचीने जरा बेताचा. त्याने दर रविवारी सकाळी 'आपलं पेण, पायी पायी' नावाची इतिहासाची फेरी सुरू केली. लोक टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन त्याच्यामागे फिरायचे. खोटं कशाला बोलू, काम चांगलं होतं. पेणमध्ये जन्म गेलेली माणसं आपल्याच गल्लीत पाहुण्यासारखी माना वर करून बघायची. "मी इथलीच, पण हे कधी बघितलंच नाय," असं नूतन म्हणाली, तेव्हा मलाही आशा वाटली. आता माझी पाळी येणार, असं मी धरून चाललो.

पाळी आली. गर्दीला आपण दिसावं म्हणून निमिष बुटांसकट माझ्या डोक्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, इथे बंदर होतं. पण आज त्याची एकही खूण शिल्लक नाही. केवढं आपलं दुर्दैव!"

लोक हळहळले. पुढे दर रविवारी हेच. त्याचे बूट, माझं डोकं आणि त्यांची हळहळ.

त्यातच रस्त्याला ब्लॉक बसवायचं ठरलं. ठेकेदाराचा माणूस विशाल येऊन माझ्यावर चुन्याची फुली मारून गेला. पावसाळा संपला की मला उपटून फेकणार होते. गावाने मला ओळखण्याआधीच मी जाणार होतो. निमिषला पाडल्याशिवाय जायचं नाही, एवढं मी ठरवलं.

श्रावणात माझ्या अंगावर शेवाळ धरलं. ते मी पोटच्या पोरासारखं जपलं. निमिष नेहमीच्या ऐटीत वर चढला, "मंडळी" म्हणाला आणि सपशेल आडवा झाला. घोटा मोडला आणि टम्म सुजला. काय सांगू, इतका आनंद मला मचव्यांच्या काळातही झाला नव्हता.

पण माणसांचं डोकं कुठल्या वाटेने जाईल ते सांगता येत नाही. टोपली घेऊन निघालेली सरू थबकली.

"ह्यो साधा दगड नाय गो," ती नूतनला म्हणाली. "माझा घरवाला पडला, तुझी सासू पडली, आता हे सर पडले. ह्यो राखणदार हाय. ह्याला मान पायजे."

"व्हय गो, आपण तर ह्याला तुडवतच होतो," नूतन घाबरून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मला तेल लागलं, शेंदूर लागला, नारळ फुटला. दिवाळीनंतर मजूर आले, भोवतालचा रस्ता त्यांनी उकरला, पण माझ्यावर पहार घालायला एकही तयार होईना. विशालनेही कान पकडले. "देवाला कोण हात लावणार? बाजूनं बसवा," तो म्हणाला. मी वाचलो, पण खुंटा म्हणून नाही.

त्याच आठवड्यातल्या रविवारी निमिष, पडल्यानंतर पहिल्यांदाच, काठी टेकत आला. त्याने बूट काढले, वाकला आणि जिथे उभा राहायचा तिथे कपाळ टेकलं. मी ते सुख चवीने घेत होतो, तेवढ्यात त्याची बोटं माझ्या मानेवर थांबली. रस्ता उकरल्यामुळे मान मोकळी झाली होती आणि तिच्यावरच्या खोल खाचा चिखलातून त्याच्या बोटांना लागल्या. दोराने पडलेल्या अशाच खाचा तो दर रविवारी जुन्या विहिरीच्या काठावर लोकांना दाखवतो. त्याने पुन्हा एकदा बोट फिरवलं. त्याला कळलं.

"काय झालं सर?" नूतनने विचारलं.

'हा मचवे बांधायचा खुंटा आहे', एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. सगळे बघत होते. निमिष उठला, घसा साफ केला आणि म्हणाला, "मंडळी, हा आपल्या बंदराचा शेकडो वर्षांपूर्वीचा राखणदार. अतिशय जागृत!"

तो म्हणेल, पहारी समोर होत्या, खरं सांगितलं असतं तर दगड गेला असता. पण पहारी केव्हाच गेल्या, ब्लॉक बसले, आणि तो आजही तेच सांगतो. त्याने खरं सांगायचं ठरवलं तर आपण कशावर उभं राहून काय बोलत होतो, तेही सांगावं लागेल ना! आता तो माझ्याकडे न बघता हात जोडतो. एवढ्याने माझं समाधान होत नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला विनंती आहे. मला नारळ नको, शेंदूर नको. आपल्या गावात फिराल तेव्हा जुन्या दगडांना हात लावून बघत जा. आणि पेणला आलात तर रविवारी निमिषच्या घोळक्यात शिरा. तो डोळे मिटून हात जोडेल, तेव्हा पुढे या, माझी मान पुसा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारा, "सर, ह्या खाचा कसल्या?" उत्तर मिळेपर्यंत त्याला बूट घालू देऊ नका.