बाकाखालचं हेल्मेट

आमच्या नेब्रास्कात शाळेच्या फुटबॉल संघाचा पहिला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन पुढे फेकणारा गडी, कोण यावर कुणी भांडत नाही. चेंडू जेस फेकतो, विषय संपला. भांडण असतं ते दुसऱ्यासाठी. जेस आडवा झालाच तर त्याच्या जागी उतरणार कोण?

"रूबेन," वर्लाच्या हॉटेलात कॉफी ओतून घेत म्हातारा ओर्विल म्हणाला. "पोरगा थंड डोक्याचा आहे."

"थंड डोकं काय चाटायचंय? माझ्या कोल्बीचा हात बघ जरा!" मी म्हणालो.

"घ्या! बापच वकील झाल्यावर बोलणंच खुंटलं."

सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते झोंबलं. कोच हॉयट गुरुवारी नाव सांगणार होता, आणि कोल्बीचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष.

दर शुक्रवारी मैदानालगतच्या खोलीच्या छपरावर चढून सामन्याची फिल्म मीच काढतो. रविवारी ती कोचकडे लावतो आणि जेवणानंतर घरी पुन्हा. कोण कुठे चुकलं ते मागेपुढे करून दाखवायची मला भारी हौस. गेल्या शुक्रवारी मात्र माझीच फजिती झाली. जेस पायाला लागून पडला, खेळ थांबला, म्हणून कॉफी प्यायला मी कॅमेरा कठड्यावर टेकवला आणि बंद करायचाच विसरलो. त्याचं तोंड होतं आमच्या राखीव पोरांच्या बाकाकडे. चार मिनिटं नुसता बाक!

पुसूनच टाकणार होतो. पण म्हटलं, बघू तरी, तिथं बसून पोरं करतात काय.

जेस पडताच रूबेन उठला आणि हेल्मेट चढवून कोचशेजारी जाऊन उभा राहिला. आणि माझा कोल्बी? त्यानं इकडेतिकडे बघितलं, एकदा वर छपराकडे बघितलं, नि आपलं हेल्मेट पायानं हळूच बाकाखाली सारलं. जेस उठून पुन्हा खेळायला लागला तरी ते तिथंच. तेवढाच तुकडा मी पाच वेळा मागे नेऊन पाहिला.

भित्रा मेला, असं तोंडावर आलं होतं. पण सरावात आडदांड पोरं अंगावर आली तरी हा जागचा हलत नाही. मग भ्याला कशाला? मला काही चैन पडेना. बुधवारी मका गोदामात घालायला आम्ही दोघं निघालो होतो, तेव्हा ट्रकमध्ये विचारलंच.

"हेल्मेट बाकाखाली का सारलंस रे? खेळायचं नाहीये का तुला?"

तो कानापर्यंत लाल झाला.

"खूप खेळायचंय, बाबा." मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पण मी चुकलो असतो, तर ते तुम्ही रविवारी किती वेळा लावलं असतंत?"

मका घालून आम्ही घरी आलो.

गुरुवारी सकाळीच कोचला फोन लावला.

"पोरासाठी शब्द टाकायला केलास ना?" तो वैतागलाच.

"नाही रे बाबा. दुसरा कोण ते तुझं तू ठरव. फक्त उद्या छपरावर दुसऱ्या कुणाला तरी चढव."

"आणि तू?"

"मी खाली बसतो, कोल्बीच्या आईशेजारी. रिकाम्या हातानं."