ओसरीतले बाकडे

मित्रांनो, मी बाभळीचे जुने बाकडे आहे. बीड जिल्ह्यातल्या कडा गावाजवळच्या एका खेड्यात, आरोग्य केंद्राच्या ओसरीत माझे आयुष्य गेले. मकसूद मिस्त्रींनी मला घडवले आणि गावच्या सहकारी दूध डेअरीने मला केंद्राला भेट दिले. माझ्यावर बाळंतिणी टेकल्या, सुई टोचताच लेकरांनी भोकाड पसरले. "बाकडं लई मजबूत हाय," असे लोक म्हणत, तेव्हा मी सुखावत असे.

मग पावसाने लागोपाठ दोन वर्षे पाठ फिरवली. जनावरे चारा छावणीला गेली, डेअरीला कुलूप लागले. तिथे दूध मोजणारा म्हाळू तेव्हापासून माझ्यावर येऊन बसू लागला. कधी पोट दुखते म्हणे, कधी छातीत धडधडते. आत डॉक्टर एकटे, बाहेर ही गर्दी. म्हाळूला गोळ्या मिळत. तो जाई आणि पुन्हा येई.

एकदा सिस्टर लगबगीने चालल्या होत्या. तो म्हणाला, "सिस्टर, झोपच लागत न्हाई. कशातच जीव रमत न्हाई."

उन्हाळ्याचे होते तसे, पाणी पीत जा, असे सांगून त्या लसीच्या डब्याकडे धावल्या. बाई वाईट नव्हत्या. कामाच्या ओझ्याखाली दबल्या होत्या. म्हाळू बराच वेळ बसून राहिला, मग उठून गेला. मला चार पाय असून त्याच्यामागे जाता आले नाही.

त्याच आठवड्यात म्हाळूने जीव दिला. परवा तर इथेच बसला होता, असे म्हणत लोक हळहळले.

पुढे त्याची बायको गीताबाई डोके दुखते म्हणून आली. नेमकी त्याच जागी बसली. मी घाबरले, पण लाकूड काय करणार? तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या, थबकल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. आजवर त्या माझ्यावर कधी बसल्या नव्हत्या.

"गीताबाई, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?"

गीताबाईने पदर तोंडाला लावला. "येतं. पण सिस्टर, त्यांना कावून न्हाई इचारलं कुणी?"

सिस्टर आणखी जवळ सरकल्या. त्यांनी तिचा हात धरून ठेवला. डॉक्टरांना बोलावले, तिच्या बहिणीला सोबतीला आणवले आणि बीडच्या मोठ्या दवाखान्यात स्वतः घेऊन गेल्या. गीताबाई अजून गोळ्या न्यायला येते. कधी बोलते, कधी नुसती बसते.

मित्रांनो, आता माझी फळी उकलली आहे. त्याचे फारसे दुःख नाही. पण तुमच्या घरीदारी कुणी असे गप्प गप्प झाले, तर मोठ्यांना सांगा, दवाखान्यात न्या. विचारल्याने मरणाचा विचार मनात शिरत नाही. माणूस मोकळा होतो. म्हाळूला कुणीतरी तेवढे विचारायला हवे होते.