चौथा कोपरा

“दार कोण उतरवणार?”

फिडेल्मा टार्पीने हे विचारलं आणि हिरवळीवर बसलेली शंभरएक माणसं गप्प झाली. कुणाचं हॅम सँडविच तोंडापाशीच थांबलं. अकॉर्डियनवाल्या कोलमनने पेटीचा भाता अर्धवट ओढलेला तसाच धरून ठेवला. ऑगस्टचा शेवटचा रविवार, क्लबचा उन्हाळी मेळा, दुपारचे तीन वाजलेले. फिडेल्माचं वय पंधरा. हा प्रश्न विचारायची पैज तिच्या मैत्रिणींनी लावली होती. त्यातली सगळ्यांत आगाऊ मारिसोल तिला म्हणाली होती, “भर मेळ्यात विचारून दाखव. महिनाभर माझी सायकल तुझी.”

सायकलीचं सोडा. एकोणीस वर्षांत हा प्रश्न माझ्या कानांवर पडला नव्हता, आणि माझं काळीज नुसतं धडधडत होतं. कारण मित्रांनो, ते दार म्हणजे मी.

मी एक जुना दरवाजा आहे. अमेरिकेत मेरिमॅक नदीच्या काठी, कापड गिरण्यांच्या गावात, सेंट ब्रेंडन नावाचा आयरिश लोकांचा क्लब आहे. त्याच्या नाचाच्या दालनातून मागच्या हिरवळीवर उघडतो तो मी. वय नव्वदच्या पुढे. दिसायला काही खास नाही. हिरवा रंग, तोही सात थरांचा, आणि कडीपाशी लाखो हातांनी झिजलेला.

माझा जन्म मात्र साधासुधा नाही. बार्टली मॅनियन नावाच्या सुताराने मला बनवलं ते पाडलेल्या गिरणीच्या चौथ्या मजल्यावरच्या फळ्यांतून. त्या मजल्यावर माग चालायचे. म्हणजे दरवाजा होण्याआधी मी जमीन होतो, आणि मागांची थरथर मी चाळीस वर्षं खाल्ली होती. माझ्या भेगांत अजून सरकी आणि मशीनचं तेल आहे. मग मला सांगा, असल्या फळ्यांना स्वस्थ उभं राहणं कसं जमावं? बार्टलीने मला चौकटीत बसवलं आणि मी पहिल्याच दिवशी वाऱ्याशिवाय कुरकुरलो. तो हसून म्हणाला, “हा काही एका जागी राहणारा नाही.”

म्हणून त्याने माझ्या तिन्ही बिजागऱ्यांत उपसता येणाऱ्या सळया घातल्या. खालून एक टोला मारला की सळई वर, तीन टोले मारले की मी मोकळा. जुन्या देशात, आयर्लंडमध्ये, त्यांच्या घरांची जमीन मातीची असे. पाय वाजवायला लाकूड हवं तर दारच काढून आडवं घालायचं. इथे तर पॉलिश केलेलं अख्खं दालन होतं, तरी सवय कुठली जायला. उन्हाळा आला की मला उतरवायचे, हिरवळीवर चार विटांवर आडवं ठेवायचे आणि माझ्यावर नाचायचे.

पण त्याचे नियम होते. ज्याला नाचायचंय त्याने सगळ्यांसमोर विचारायचं, दार कोण उतरवणार? मग चार माणसांनी आपणहून उठायचं. चार कोपरे, चार माणसं. मला वाहून न्यायचं आणि मी घसरू नये म्हणून प्रत्येकाने एकेका कोपऱ्यावर पाय रोवून उभं राहायचं. तिघंच उठली तर नाचणाऱ्याने निमूट खाली बसायचं. आणि घरच्या माणसाला कोपरा नाही. आई, बाप, भाऊ, नवरा, बायको, कुणी नाही. घरचे उठणारच हो, त्यात काय मोठेपणा?

काय दिवस होते ते! फिडल, लाकडी बासरी, कोलमनच्या बापाची पेटी. मी जागेवर नसलो की दालन उघडं पडायचं आणि मागच्या गल्लीतली इटालियन, पोलिश, पोर्तोरिकन माणसं सरळ आत यायची. दारच नाही तर टकटक कशावर करणार? वर्षभर मी लोकांना अडवायचो, आणि ते बारा-तेरा रविवार माझ्या अंगावर सगळं गाव घ्यायचो. मला विचाराल तर दरवाजाचा खरा जन्म आडवं पडल्यावर सुरू होतो.

सगळ्यांत छान नाचायची डेलिया. सतरा वर्षांची असताना तिने पहिल्यांदा प्रश्न विचारला, तेव्हा चौथा उठला तो फेस्टी डर्किन नावाचा एक लाजरा सुतार. तिची टाच वाजली की त्याच्या बुटातून थेट गुडघ्यात जायची. दोन वर्षांनी त्याने तिच्याशी लग्न केलं आणि त्याच दिवशी त्याचा कोपरा गेला. घरचा माणूस झाला ना! पुढची चाळीसेक वर्षं तो सफरचंदाच्या झाडाखाली हात बांधून उभा राहायचा. लोक चिडवायचे, “फेस्टी, बायको मिळाली आणि कोपरा हरवला.” तो म्हणायचा, “घाईच केली मी.” डेलियाची उजवी टाच नेहमी एकाच जागी पडायची. तिथे, माझ्या मधल्या फळीवर, बशीएवढा खळगा पडला आहे.

मग एका फेब्रुवारीत डेलिया गेली.

मार्चमध्ये क्लबात चोरी झाली. दोन फिडली गेल्या. समितीने फेस्टीला सांगितलं, मागच्या दाराच्या बिजागऱ्या बदल, चोर सळया उपसून आत येतात. फेस्टी एकटाच आला. त्याने दोन्ही टोकं बंद असलेल्या बिजागऱ्या बसवल्या. तेवढं पुरे होतं. पण तो थांबला नाही. त्याने एकेका स्क्रूच्या डोक्यावर पुट्टी भरली, घासली, वरून रंग मारला, पुन्हा मारला. स्क्रू कुठे आहेत हे कुणाला दिसूच नये असं काम. मग माझ्या त्या खळग्यावर तळहात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मला कळलं त्याने काय केलंय. चोरांसाठी नव्हतं ते. डेलियाच्या पावलांनंतर माझ्यावर दुसऱ्या कुणाची पावलं पडू नयेत, एवढंच त्याला हवं होतं.

त्या उन्हाळ्यात एका तरुणाने प्रश्न विचारला. चौघं उठली. हातोडा आणला, टोले मारले, मी तसूभर हललो नाही. कुणीतरी म्हणालं, “पावसाने फुगलंय.” फेस्टी तिथेच बटाट्याचं सॅलड खात बसला होता. तो काही बोलला नाही आणि मला बोलता येत नाही. शेवटी प्लायवूडचा तुकडा आणून काम भागवलं. पुढच्या वर्षी कुणी विचारलंच नाही. एखादी सवय मोडायला किती कमी वेळ लागतो, पाहा.

एकोणीस उन्हाळे मी चौकटीतून संगीत ऐकलं. तुमच्या वर्गाबाहेर खेळ रंगलाय आणि तुम्हाला बाकावर बसवून ठेवलंय, असं समजा. एकोणीस वर्षं! माझी प्रत्येक फळी आतून खाजवत होती. मी करकरलो, अडकलो, भर मीटिंगमध्ये आपोआप उघडलो. लोक म्हणाले, तेल घाला याला.

आणि मग फिडेल्मा आली. तिची आई, उना टार्पी, दर मंगळवारी आणि गुरुवारी दालनात नाचाचा क्लास घेते. स्पर्धेचा नाच. हात शरीराला शिवल्यासारखे सरळ, डोक्यावर कुरळ्या केसांचा भलामोठा टोप, चेहऱ्यावर हसू मोजून तेवढंच. फिडेल्माच्या मेडलांनी त्यांच्या घरातलं कपाट भरलं आहे. पण आपली पाळी येईपर्यंत ती मला टेकून उभी राहायची आणि तिची टाच माझ्या खालच्या फळीवर वेगळंच काहीतरी वाजवायची. लहान असल्यापासून. त्या टाचेला मी ओळखतो. ती स्वस्थ नव्हती. अगदी माझ्यासारखी.

दालनात डेलियाचा एक फोटो आहे. माझ्यावर नाचतानाचा, हात वाऱ्यावर सोडलेले. खाली शाईने ते सगळे नियम लिहिले आहेत. या जूनमध्ये फिडेल्मा तो फोटो बघत उभी होती आणि मारिसोल म्हणाली, “तू तर नुसती बघतच राहणार.”

त्याच महिन्यात समितीने नवा पोलादी दरवाजा मागवला. फिडेल्माचे वडील, जारलथ, क्लबचे चिटणीस. माणूस चांगला, पण थंडीला फार भितो. “पाच हिवाळे या दारातून वारा येतोय,” ते म्हणाले. नवा दरवाजा मेळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी येणार आणि मी कचऱ्याच्या ट्रकमधून जाणार, असं ठरलं. त्या दिवसापासून फेस्टी माझ्याजवळून गेला की त्याच्या कोटाच्या खिशात काहीतरी किणकिणायचं. आवाज माझ्या ओळखीचा होता. माझ्या तीन जुन्या सळया!

तर आता कळलं ना, त्या प्रश्नाने माझं काय झालं? आज रविवार होता. आज चार कोपरे भरले नाहीत तर सोमवार होताच.

“दार कोण उतरवणार?” फिडेल्माने पुन्हा विचारलं. या वेळी आवाज जरा फाटला.

“उतरवा, म्हणजे माशा आत,” मागून कुणीतरी पुटपुटलं.

“माशा कधीच्या आत आहेत,” गिल्डेबाई म्हणाल्या. “सकाळपासून माझा फुकट चहा पितायत.” क्लबचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या, सत्तरीच्या गिल्डेबाई. त्यांनी पिठाचे हात ॲप्रनला पुसले आणि उठल्या. “मी एक कोपरा.”

कोलमनने पेटी गळ्यात अडकवली. “मी दुसरा. उभं राहूनही वाजवता येतं मला.”

“मी तिसरी,” मारिसोल म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले, तशी ती म्हणाली, “काय झालं? मी नियम वाचलेत. आयरिशच पाहिजे असं कुठे लिहिलंय?”

“सायकल गेली तुझी,” फिडेल्मा म्हणाली.

“माहितीये. पंक्चर आहे ती.”

लोक हसले. पण चौथं कुणी उठेना. जारलथ अर्धवट उठले, पण उनाने त्यांची बाही ओढली. “बसा. आपण घरचे.” माझी नजर सफरचंदाच्या झाडाकडे होती. फेस्टी डर्किन, वय वर्षं ब्याऐंशी, हात बांधून उभा. मित्रांनो, मी एवढा अस्वस्थ कधी झालो नव्हतो, मागांच्या खालीसुद्धा नाही.

फिडेल्मा खाली बसायला वाकली. नियमच तसा होता.

“थांब, पोरी,” फेस्टी म्हणाला.

तो सावकाश चालत माझ्यापाशी आला. खिशातून चाकू काढला आणि माझ्या बिजागरीवरचा रंग खरवडायला लागला. पुट्टीचे तुकडे पडले. खाली स्क्रूचं डोकं चमकलं.

“हे फुगलेलं नव्हतं,” तो म्हणाला. “मी बंद केलं होतं. एकोणीस वर्षं तुम्ही सगळ्यांनी पावसाला बोल लावला आणि मी लावू दिला.”

गिल्डेबाई म्हणाल्या, “मला संशय होताच, फेस्टी. तुझं काम इतकं वाईट नसतं.”

स्क्रू काढायला वीस मिनिटं लागली. शेवटचा निघाला आणि मी कलंडलो. चार माणसांच्या हातांत! आकाश दिसलं. मी विसरलोच होतो, पाठीवर पडलं की आकाश दिसतं ते. विटा मांडल्या, मला ठेवलं, चार पाय चार कोपऱ्यांवर आले. फेस्टीने जरा वाकून तोल सावरला.

“डर्किन आजोबा, तुम्हाला उभं राहवेल ना?” फिडेल्माने विचारलं.

“चाळीस वर्षं मला कोपरा धरता आला नाही. आज धरू दे.” मग तो हळूच म्हणाला, “मध्ये एक खळगा आहे. त्याला चुकवू नकोस. आवाज तिथेच आहे.”

कोलमनने सूर धरला. फिडेल्मा आधी स्पर्धेतल्यासारखीच उभी राहिली, हात ताठ. आठ आवर्तनं ती तशीच नाचली, आणि मी मनात म्हणालो, अगं, सोड ना. मग तिची उजवी टाच खळग्यात पडली. तो आवाज नदीपलीकडे गेला असेल. तिचे हात सुटले. कसे सुटले ते तिलाही कळलं नाही. ती हसत होती, केस तोंडावर येत होते, एकदा तिचा ताल चुकला तर तिने त्याचाच नवा ताल केला. माझ्या चाळीस वर्षांच्या मागांची थरथर आणि तिची टाच एक झाली. फेस्टी डोळे मिटून उभा होता, आणि टाच कशी गुडघ्यापर्यंत पोचते ते मला त्याच्या बुटातून कळत होतं. मागच्या गल्लीतली माणसं कुंपणापाशी आली, मग कुंपणाच्या आत, मग दालनात. कुणी टकटक केली नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याकडे जुनं काही असेल तर त्याला तेल घाला, रंग द्या, पण त्याची सळई उपसता येईल अशी ठेवा. जपायच्या नावाखाली खिळून टाकलं की आम्ही आत कुजतो.

नाच संपला. फेस्टीने खिशातल्या तिन्ही सळया फिडेल्माच्या हातात दिल्या. “जुन्या बिजागऱ्या घरी आहेत. सकाळी आणतो.” ती अजून धापा टाकत होती. सळया मुठीत धरून ती माझ्यावरच उभी राहिली आणि आईबाबांकडे वळली. जारलथ टोपी हातात घेऊन उभे होते. उनाचे हात शिस्तीत सरळ होते, पण गवतावर तिचा उजवा पाय अजून ताल धरून होता.

“आई, बाबा, आत्ताच सांगते, नाहीतर घरी गेल्यावर माझा धीर सुटेल,” फिडेल्मा म्हणाली. “नोव्हेंबरच्या स्पर्धेला मी जाणार नाही. टोप दुसऱ्या कुणाला तरी दे, आई. मी हात सोडूनच नाचणार. बाबा, ते पोलादी दार पुढे रस्त्याच्या बाजूला लावा. हे इथेच राहणार, या सळयांवर, आणि सळया उपसायचं काम माझं. पुढच्या रविवारी मी पुन्हा विचारणार आहे. तुम्हाला दोघांना कोपरा मिळणार नाही, तुम्ही घरचे. पण बघायला या.”